तांबूस रंग दिसला का? जुन्या एम३चं इंजिन खालून तपासताना

बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ २००० ते २००६ या काळात बनली. तिचं ३,२४६ सीसीचं सहा सिलिंडरचं एस५४ इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत जातं. त्या वेगात पिस्टन वरच्या टोकाला जाऊन मागे फिरतो, तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ४,००० पटींहून जास्त असतं. पिस्टन अर्ध्या किलोचा धरला तरी त्याला क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याशी) जोडणाऱ्या रॉडला दोन टनांहून अधिक ओढ बसते. रॉडच्या खालच्या टोकाला क्रँकभोवती बिगएंड बेअरिंग असतं, म्हणजे शेल नावाच्या दोन अर्धगोल पट्ट्या. ही ओढ झेलतो त्यातला खालचा शेल. इंधन पेटल्यावरचा दाब वरच्या शेलवर येतो.

या इंजिनात हे शेल लवकर झिजतात. सुरुवातीच्या गाड्यांचे तर कंपनीनेच बदलून दिले होते. ठोक्याचा आवाज येऊ लागेपर्यंत बहुतेक वेळा क्रँकलाही इजा झालेली असते. म्हणून आवाजाची वाट न पाहता इंजिनाच्या तळाचा तेलाचा चेंबर खोलावा. त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. वरून आडव्या दांड्याला टांगायचं, पुढची सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) खाली घ्यायची आणि ऑईल चेंबर सोडायचा.

चेंबर लगेच धुऊ नका. तळाचा गाळ पांढऱ्या फडक्यावर घेऊन चुंबक फिरवा. लोखंडाचा कीस चिकटेल, बेअरिंगचा चिकटणार नाही. पोलादाचा छोटा चौकोनी तुकडा सापडला, तर तो बहुधा एक्झॉस्ट कॅमच्या हबचा तुटलेला दात असतो. हेच दात व्हॅनॉसचा, म्हणजे झडपा उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा, पंप फिरवतात. अशा वेळी वरचं कव्हरही काढायलाच हवं.

क्रँक फिरवला की १–६, २–५ आणि ३–४ अशा जोड्या खाली येतात. प्रत्येक कॅप (रॉडच्या टोकाचा बोल्टने बसणारा खालचा अर्धा भाग) तिच्याच रॉडला, त्याच बाजूने बसते. म्हणून काढतानाच शेलच्या पाठीवर सिलिंडरचा क्रमांक आणि 'वर' की 'खाली' ते लिहा.

आता शेल उजेडात तिरका धरा. पोलादी पाठ, तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूचा थर आणि सर्वांत वर मऊ, राखाडी, जेमतेम काही मायक्रॉनचा लेप. एकसारखा मंद राखाडी रंग म्हणजे तब्येत चांगली. मधोमध तांबूस पट्टा म्हणजे लेप संपला. फिरण्याच्या दिशेने बारीक रेघा असतील तर तेलातून कचरा गेलाय. एकाच कडेला चकाकी असेल तर रॉड वाकलाय की जर्नल (क्रँकचा रॉड बसतो तो गोल भाग) निमुळता झालाय, ते मोजा.

इंजिन चालू असताना क्रँक आणि शेल यांच्यात तेलाची पाचर असते, धातूला धातू टेकत नाही. घट्ट १०डब्ल्यू-६० तेल गार असताना बारीक फटीत पुरेसं पोहोचत नाही आणि तेवढ्यात कोणी पाय दाबला की लेप खरवडला जातो. या गाडीच्या आरपीएम मीटरवरचे नारिंगी दिवे तेल तापत जाईल तसे एकेक विझतात, ते याचसाठी.

जर्नलवर नख आडवं ओढा. अडकलं तर क्रँक काढावाच लागेल. गुळगुळीत असेल तर मायक्रोमीटरने ९० अंशांच्या फरकाने दोनदा मोजा. मग कोरड्या जर्नलवर प्लास्टिगेजचा (फट मोजायच्या मऊ प्लास्टिकचा) धागा ठेवून कॅप पूर्ण आवळा, क्रँक हलू देऊ नका, कॅप काढून चपटलेल्या धाग्याची रुंदी पट्टीशी जुळवा. ४९ मिलिमीटरच्या जर्नलला साधारण ०.०५ मिलिमीटर फट रास्त.

रॉडचे बोल्ट ताणले जातात, त्यामुळे शेवटच्या जुळणीला बाराही नवे घ्या. शेलची पाठ कोरडी, आतली बाजू असेंब्ली ल्युब (जुळणीचं वंगण) लावलेली. पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंधन बंद ठेवून, तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टरवर थांबत थांबत फिरवा.