पाऊण लाख डॉलरचा डोळा

परवा रात्री दिवे घालवून आयफोन प्रोने खोलीचं माप घेत होतो. सहज घरातल्या सीसीटीव्हीच्या पडद्याकडे लक्ष गेलं, तर भिंतीवर, कपाटावर, पसरलेल्या मांजरीवरसुद्धा पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी! नुसत्या डोळ्यांना मात्र मिट्ट काळोख.

ते ठिपके अवरक्त लेझरचे. फोनमधला लायडार प्रकाशाचा स्पंद सोडतो आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. ऐकायला सोपं, पण प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटीमीटर धावतो. जाणं-येणं धरलं तर घड्याळ एवढंसं चुकलं की अंतर 15 सेंटीमीटरने चुकलं.

2007 च्या सुमारास व्हेलोडाइन कंपनीचा गरगर फिरणारा, 64 लेझरचा लायडार चालकरहित गाड्यांच्या टपावर दिसू लागला. किंमत सुमारे 75 हजार डॉलर. त्यापेक्षा खालची गाडी स्वस्त! पैसा जायचा तो बराचसा जुळवाजुळवीत. प्रत्येक लेझरचा प्रकाश नेमका त्याच्याच संवेदकावर पडेल असं सगळं बसवायचं.

घर झाडणाऱ्या कित्येक रोबोंनी वेळ मोजण्याची भानगडच टाळली. लेझरच्या बाजूला, थोड्या अंतरावर कॅमेऱ्याची चिप. वस्तू जवळ-लांब झाली की ठिपका चिपवर सरकतो. पुढचं काम शाळेतल्या त्रिकोणांचं. लांबच्या वस्तूंना मात्र ठिपका जेमतेम हलतो, म्हणून ही युक्ती खोलीपुरतीच.

फोनमध्ये खरी बाजी मारली चिपनिर्मितीने. चिपच्या पृष्ठभागातून सरळ वर प्रकाश फेकणारे सूक्ष्म लेझर एकाच तुकड्यावर ओळीने घडवता येतात. परतलेला प्रकाश टिपणारा संवेदकही सिलिकॉनचाच, आणि इतका हळवा की एका फोटॉननेही, म्हणजे प्रकाशाच्या एका कणानेही, त्यात विजेचा लोंढा सुटतो. पण फोटॉन लेझरचा की उन्हाचा, हे त्याला कळत नाही. म्हणून हजारो स्पंद सोडून कोणता फोटॉन कधी आला याची नोंद ठेवतात. उन्हाचे फोटॉन कसेही विखुरतात. लेझरचे एकाच वेळेपाशी ढीग करतात. 940 नॅनोमीटरची तरंगलांबी निवडली तर हवेतली वाफही मदतीला येते, कारण उन्हातला तोच प्रकाश ती बराचसा शोषते.

फोनची मजल साधारण 5 मीटर. महामार्गावरच्या गाडीला 200 मीटर दिसायला हवं, आणि लेझर वाटेल तेवढा प्रखर करता येत नाही, कारण समोरच्याच्या डोळ्यांचा प्रश्न असतो. 1550 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, दृष्टिपटलापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिथे जोर वाढवायला मुभा आहे. पण त्या प्रकाशाला सिलिकॉन आंधळं! इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचे संवेदक घ्यावे लागतात, आणि ते अजूनही महागच आहेत.