पुंडलिक (पश्चात्तापकथा)

पंढरपूरच्या क्षेत्रकथेचा नायक. आईवडिलांना छळणारा मुलगा भानावर येतो आणि उरलेले आयुष्य त्यांच्या सेवेत घालवतो, ही त्याची कथा सोलापूर जिल्ह्यात कीर्तनांतून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पिढ्यानपिढ्या ऐकली जाते. १९१२ मध्ये तिच्यावर मूकपटही निघाला.

जानुदेव आणि सत्यवती हे पुंडलिकाचे आईवडील. लग्नानंतर तो त्यांना जुमानेनासा झाला. जाच सोसवेना तेव्हा दोघे काशीच्या यात्रेकरूंबरोबर निघाले. मुलगा आणि सूनही त्याच यात्रेला निघाली. तरणीताठी घोड्यावर, म्हातारी पायी, आणि मुक्कामाला घोड्याची उस्तवारही म्हाताऱ्यांनीच करायची. कीर्तनकार या वाटेवर बराच वेळ रेंगाळतात, ते योग्यच आहे. हा अन्याय ऐकून पोटात कालवल्याशिवाय पुढचा पश्चात्ताप खरा वाटत नाही.

वाटेत कुक्कुटस्वामींच्या आश्रमात मुक्काम पडतो. पहाटे पुंडलिकाला मळक्या वस्त्रांतल्या काही स्त्रिया दिसतात. त्या आश्रम झाडतात, स्वामींची वस्त्रे धुतात आणि परतताना स्वतः लख्ख झालेल्या असतात. तो त्यांचे पाय धरतो, तेव्हा त्या सांगतात: आम्ही गंगा, यमुना; तुझ्यासारखे पापी आमच्यात बुड्या मारतात, त्यांचा हा मळ. जिच्यात पाप धुवायला निघालो, तीच नदी हे ऐकवते. कथेत याहून कठोर जागा नाही.

पुढे विठ्ठल भेटीला येतो, तेव्हा पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत असतो. तो वीट भिरकावतो आणि देवाला तिच्यावर थांबायला सांगतो. हा प्रसंग बहुधा मातृपितृभक्तीचा महिमा म्हणून सांगतात. त्यात अपराधाचा हिशेबही आहे. अपराध आईवडिलांचा घडला, म्हणून तो फेडायचाही त्यांच्याचपाशी. देव दारात आला तरी त्यातून सूट नाही. क्षमा मागण्याचा प्रसंग कोणी रंगवतो, कोणी सोडून देतो. सेवा मात्र कोणीच वगळत नाही.

पुंडलिकाचे मंदिर चंद्रभागेच्या वाळवंटात आहे. उजनी धरणातून जास्त पाणी सुटले की ते पाण्याखाली जाते. तिथली पूजाअर्चा महादेव कोळी समाजाकडे आहे. वारकरी नदीत स्नान करून आधी पुंडलिकाचे दर्शन घेतात, मग विठोबाचे. ‘पुंडलिक वरदा हरि विठ्ठल’ या जयघोषातही त्याचे नाव पहिले येते.

दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये झळकला, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळपास वर्षभर आधी. रंगभूमीवरच्या नाटकाचे ते चित्रीकरण होते आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली, म्हणून त्याला पहिला भारतीय चित्रपट म्हणावे की नाही यावर वाद आहे. या वादात कथेच्या निवडीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. बोलपट यायला अजून अवकाश होता, आणि या कथेतले प्रायश्चित्त तर हातांनी, न बोलता करायचे आहे. मूकपटासाठी याहून योग्य कथा त्या काळी क्वचितच सापडली असती.