सुळ्याला वाट हवी: दुभंगलेल्या हिरडीतील हाडाच्या कलमाची पार्श्वभूमी

दुभंगलेला ओठ शिवला, टाळूही जोडली, तरी बऱ्याच मुलांच्या वरच्या हिरडीत एक फट उरतेच. तिथे हाडच नसते. शेजारच्या दातांना आधार मिळत नाही, नाकपुडीचा तळ बसलेला राहतो आणि कधी कधी तोंडातले पाणी नाकातून बाहेर येते. ही फट कशाने बुजवायची, याचा खल शंभर वर्षांहून जुना आहे. त्यातला बराच काळ 'काय भरायचे' यावर गेला. 'कधी भरायचे' हा प्रश्न मागेच पडला.

१९०१ मध्ये शल्यचिकित्सक फॉन आयझेल्सबर्ग यांनी रक्तपुरवठा शाबूत ठेवून हाडाचा तुकडा वापरला, १९०८ मध्ये लेक्सर यांनी सुटा तुकडा लावून पाहिला, तर १९१४ मध्ये ड्राख्टर यांनी नडगीचे हाड आवरणासकट घेतले. पण ही पद्धत रुळली ती १९५० च्या दशकात. ओठ शिवायचा त्याच सुमारास, तान्ह्या बाळाच्याच हिरडीत हाड बसवायचे, बहुधा बरगडीचे. कल्पना आकर्षक होती. मुले मोठी झाली तेव्हा मात्र अनेकांचा वरचा जबडा मागे राहिलेला दिसला. कलमासाठी जिथे हाड मोकळे करावे लागे, तिथूनच जबडा पुढे वाढत असतो. बहुतेक केंद्रांनी मग हा मार्ग सोडला. स्वीडनच्या स्कूग यांनी १९६५ मध्ये हाड न घालता केवळ अस्थिआवरणाचा, म्हणजे हाडावरच्या पातळ आवरणाचा, पडदा फटीवर ओढून घेण्याची युक्ती मांडली, पण तिच्याने हाड नेहमीच पुरेसे तयार होई असे नाही.

कलाटणी मिळाली १९७२ मध्ये. बॉइन आणि सँड्स यांनी दुधाचे व कायमचे दात एकत्र असण्याच्या वयात, सुळा येण्याआधी, कमरेच्या हाडातला जाळीदार, मज्जायुक्त गर भरला. साधारण ९ ते ११ वर्षांचे हे वय. वरच्या जबड्याची बरीचशी वाढ तोवर झालेली असते. हा गर जिवंत पेशींचा असतो, त्यात लवकर रक्तवाहिन्या शिरतात आणि सुळा त्यातूनच खाली उतरतो. दात उतरला की नव्या हाडाला काम मिळते. काम नसलेले हाड झिजते. ऑस्लोच्या बेर्गलांड व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोठ्या संख्येने मुलांवर हे दाखवून दिले. दोन दातांमधील हाडाची उंची मोजण्याची त्यांची चार पायऱ्यांची पट्टी आजही वापरात आहे. ती साध्या एक्स-रेवर बेतलेली, त्यामुळे हाडाची जाडी तिच्यातून निसटते.

कमरेच्या हाडाऐवजी वापरायच्या साहित्याची खरी परीक्षा सुळ्याला वाट देण्यातच होते. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या हाडातल्यासारख्या खनिजाचे दाणे जागा भरतात, पण विरघळता विरघळत नाहीत. सुळ्यापुढे ती भिंतच. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे कॅल्शियमचे दुसरे संयुग तुलनेने लवकर विरते, म्हणून त्याच्याकडे अधिक आशेने पाहिले जाते. हनुवटीचे हाड चांगले, पण मिळते चिमूटभर.

मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये खनिजे काढून टाकलेल्या हाडातही नवे हाड घडवण्याची ताकद असते हे दाखवले. त्यातूनच पुढे बीएमपी-२ हे हाड घडवायला लावणारे प्रथिन आले. अमेरिकेत २००२ मध्ये त्याला प्रौढांच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली. मुलांच्या हिरडीतही ते वापरले गेले. त्याने हाड तयार होते, पण सूजही बरीच येते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा प्रथिनयुक्त साहित्याचा १८ वर्षांखालील रुग्णांत वापर करण्याबाबत सावधगिरीची सूचना काढली.

त्यामुळे पसंती अजून कमरेच्या हाडालाच आहे. बदलली ती ते काढण्याची रीत: पूर्वी त्या हाडाची वरची कड उघडत, आता अनेक ठिकाणी लहान छेदातून पोकळ सुईसारख्या हत्याराने गर काढतात, म्हणजे मूल लवकर चालू लागते.