मांजराची नखे : उच्छेदनाचे पर्याय

पाळीव मांजराच्या बोचकारण्यामुळे माणसाला आणि घरातील सामानाला होणारी इजा शस्त्रक्रिया न करता आटोक्यात ठेवण्याचे उपाय. नियमित नखे कापणे, ओरबाडण्यासाठी योग्य जागा देणे, मांजराचे लक्ष त्या जागेकडे वळवणे आणि क्वचित नखांवर टोप्या बसवणे, हे त्यांतील मुख्य होत. मराठीत ‘नखे काढणे’ या शब्दप्रयोगाने घोटाळा होऊ शकतो. ‘मांजराने नखे काढली’ म्हणजे ती पंजाबाहेर आणली, ‘मांजराची नखे काढली’ म्हणजे बहुधा ती कापली, आणि डीक्लॉइंग या इंग्रजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेलाही अनेकजण ‘नखे काढणे’च म्हणतात. या तिसऱ्या अर्थासाठी प्रस्तुत नोंदीत ‘नख-उच्छेदन’ हा शब्द वापरला आहे. पहिल्या दोन क्रिया निरुपद्रवी आहेत, तिसरीत अवयव कायमचा जातो.

रचना : मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार अशी सामान्यतः 18 नखे असतात. पुढच्या पायाचे आतल्या बाजूचे पाचवे नख जमिनीला टेकत नाही. नख हे बोटाच्या टोकाच्या हाडावर, म्हणजे तिसऱ्या अंगुलास्थीवर, बसलेले केराटिन या कठीण प्रथिनाचे आवरण असते. त्याची वाढ याच हाडाच्या बुडाशी असलेल्या ऊतकातून होते. त्यामुळे नुसते नख उपटले तर ते पुन्हा, आणि बरेचदा वेडेवाकडे, उगवते. ते उगवूच नये असे करायचे तर टोकाचे हाडच काढावे लागते. माणसाच्या प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर कापण्याशी या शस्त्रक्रियेची तुलना करतात ती यामुळेच. ही तुलना भावनेच्या भरात केलेली नसून शरीररचनेला धरून आहे.

मांजराची नखे ‘आत ओढली जाणारी’ असतात, हे जुन्या प्राणिशास्त्रीय वर्णनांतून रूढ झालेले विधान मात्र तपासून घ्यावे लागते. विश्रांतीच्या अवस्थेत नख आत असते ते स्नायूंच्या ओढीने नव्हे, तर लवचीक अस्थिबंधांमुळे. टोकाचे हाड मधल्या हाडाच्या बाजूला दुमडलेले राहते, आणि मधल्या हाडाचा आकार एका बाजूला चेपल्यासारखा असल्याने त्याला तेथे जागा मिळते. स्नायू कामाला लागतात ते नख बाहेर काढताना. बोट वाकवणारी खोल कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, ताणली की नख पुढे येते. म्हणून काही अभ्यासक ‘आत ओढली जाणारी’ऐवजी ‘बाहेर काढता येणारी’ हे वर्णन अधिक नेमके मानतात, आणि ते स्वीकारण्यासारखे आहे. व्यवहारातही या भेदाला महत्त्व आहे. स्वस्थ बसलेल्या मांजराची नखे दिसत नाहीत आणि ती कापण्यासाठी बोट हलकेच दाबून बाहेर आणावी लागतात, ती या रचनेमुळेच.

ओरबाडण्याचे कारण : ‘मांजर नखांना धार लावते’ ही सर्वत्र आढळणारी समजूत अर्धीच खरी आहे. सुरी सहाणेवर घासावी तशी नखे घासून अणकुचीदार होत नाहीत. नख एकात एक बसलेल्या शंकूंसारख्या थरांनी बनलेले असते. बाहेरचा जुना थर गळून पडला की आतले टोकदार नख उघडे पडते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सूक्ष्मरचनात्मक अभ्यासात बाहेरच्या थरात पडणाऱ्या बारीक भेगांचा या गळण्याशी संबंध दाखवला आहे. पुढच्या पायांच्या नखांचे थर ओरबाडताना निघतात, तर मागच्या पायांचे मांजर बरेचदा दातांनी ओढून काढते. सोफ्याजवळ सापडणारी चंद्रकोरीसारखी टरफले हे तेच थर.

दुसरे मत ओरबाडण्याला मुख्यतः खुणेची क्रिया मानते. बोटांमधील ग्रंथींचा स्राव ओरबाडलेल्या जागी उतरतो आणि डोळ्यांना दिसणाऱ्या ओरखड्यांबरोबर गंधाची खूणही राहते. मांजर दाराजवळ, येण्याजाण्याच्या वाटेवर, माणसे बसतात तेथे आणि झोपून उठल्यावर जवळच्या उभ्या वस्तूवर ओरबाडते, यावरून हे मत अधिक बळकट वाटते. शरीर ताणून मोकळे करणे हा तिसरा हेतू सांगितला जातो. तिन्ही हेतू परस्परविरोधी नाहीत. मात्र नुसती नखे कापून ओरबाडणे थांबेल या अपेक्षेला खुणेच्या मताने धक्का बसतो. उच्छेदन झालेले मांजरही बोथट पंजांनी सोफ्यावर तीच हालचाल करत राहते.

नख-उच्छेदनाचा उगम : हा प्रघात उत्तर अमेरिकेतला. पशुवैद्यकीय नियतकालिकात या शस्त्रक्रियेचे वर्णन बहुधा 1952 च्या सुमारास प्रथम आले, असे सामान्यतः मानले जाते. त्याआधी ती तुरळक होत असण्याची शक्यता काही लेखक वर्तवतात. छापील वर्णन आणि प्रत्यक्ष प्रघात यांत अंतर असतेच, तेव्हा 1952 हे वर्ष उगमाचे न मानता नोंदीचे मानणे बरे. ती रूढ का झाली, याचीही वेगवेगळी स्पष्टीकरणे दिली जातात. एका मतानुसार दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुबत्तेत गालिचे आणि गादीदार फर्निचर घरोघरी आले, त्यातून ही मागणी निर्माण झाली. दुसऱ्या मतानुसार मूळ कारण मांजराचे चोवीस तास घरात राहणे हे होय. 1947 मध्ये एड लो यांनी मिशिगन राज्यात मांजराच्या शौचासाठी भाजलेली चिकणमाती विकायला सुरुवात केली आणि मांजर घराबाहेर न सोडता पाळणे सोयीचे झाले. कालक्रम पाहता दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण गादीदार फर्निचर युरोपातही होते, पण तेथे हा प्रघात रुजला नाही. 2001 च्या एका आढाव्यात अमेरिकेतील पाळीव मांजरांपैकी सुमारे एक चतुर्थांश मांजरांची नखे उच्छेदित असल्याचा अंदाज दिला आहे.

शस्त्रक्रिया नख कापण्याच्या कात्रीसारख्या हत्याराने, शस्त्राने किंवा लेसरने करतात. लेसरने रक्तस्राव कमी होतो, पण हाड जायचे ते जातेच. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात उच्छेदन झालेल्या 137 आणि न झालेल्या 137 मांजरांची तुलना केली आहे. उच्छेदित मांजरांपैकी 63 टक्के मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत टोकाच्या हाडाचे तुकडे मागे राहिलेले दिसले. पाठदुखी, चावणे आणि शौचपेटीबाहेर घाण करणे हे प्रकारही त्यांच्यात अधिक आढळले. अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने कार्यकारणसंबंध त्यातून सिद्ध होत नाही, असा आक्षेप घेता येतो. तरीही हाडाच्या तुकड्यांचा पुरावा डावलता येत नाही. आणखी एक शस्त्रक्रिया, खोल कंडरा कापण्याची, कधीकधी सौम्य पर्याय म्हणून सुचवली जाते. तीत नख राहते, पण मांजराला ते बाहेर काढता येत नाही. ते जाड होत वाढत राहते आणि जन्मभर कापावे लागते. तिला पर्याय म्हणणे योग्य नाही.

युरोप परिषदेच्या 1987 च्या पाळीव प्राणी संरक्षण कराराने उपचाराव्यतिरिक्त केलेले नख-उच्छेदन निषिद्ध ठरवले. इस्राएलने 2011 मध्ये कायदा केला. अमेरिकेत वेस्ट हॉलिवुड या शहराने 2003 मध्ये, तर राज्यांपैकी न्यूयॉर्कने 2019 मध्ये पहिली बंदी घातली. बंदी आली की पर्यायांची चर्चा व्यवहाराच्या पातळीवर उतरते.

नखे कापणे : हा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. साधारण दोन ते तीन आठवड्यांनी फक्त टोकाचा वाकडा भाग कापायचा असतो. नखाच्या बुडाकडे गुलाबी दिसणाऱ्या भागात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. त्याला मराठीत जिव्हाळी म्हणतात. तेथे कात्री लागली तर रक्त येते, कळ जाते आणि मांजर पुढच्या वेळी पंजा देत नाही. रक्त आलेच तर रक्तस्तंभक पूड, तीही नसेल तर कॉर्नफ्लोअर, काही क्षण दाबून धरावे. पिल्लू लहान असतानाच पंजा हातात घेऊन बोटे दाबण्याची सवय लावल्यास पुढे झटापट होत नाही. एका बैठकीत सगळी नखे कापलीच पाहिजेत असे नाही. दोन कापून खाऊ द्यावा आणि सोडून द्यावे. म्हाताऱ्या मांजराकडे विशेष लक्ष हवे. त्याचे ओरबाडणे कमी झाल्याने नखे जाड होतात आणि जमिनीला न टेकणारे पाचवे नख वळून पंजाच्या गादीत रुतू शकते.

ओरबाडण्याचा खांब : बाजारात मिळणारे पुष्कळ खांब बुटके आणि डगमगणारे असतात. मांजराला मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताणता आले पाहिजे, त्यामुळे सुमारे 90 सेंटिमीटर उंची आणि न हलणारा पाया आवश्यक ठरतो. खांब एकदा अंगावर पडला की मांजर पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील मांजरमालकांच्या इंटरनेट-पाहणीत उंच, उभे आणि दोरी गुंडाळलेले खांब अधिक वापरले जातात असे दिसते. उतारवयातील काही मांजरांचा कल गालिच्याच्या पृष्ठाकडे आढळला. मांजर खांब वापरते तेव्हा त्याला बक्षीस दिल्याने वापर वाढतो, हाही त्याच पाहणीचा निष्कर्ष.

या खांबांसाठी जगभर वापरली जाणारी सिसल दोरी म्हणजे घायपाताचा वाख. महाराष्ट्रात शेताच्या बांधावर दिसणाऱ्या घायपातापासून दोर वळण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे लाकडी ओंडक्यावर घायपाताची दोरी घट्ट गुंडाळून चांगला खांब घरीच होतो. काथ्याचे पायपुसणे भिंतीला पक्के ठोकले तरी अनेक मांजरांना चालते, आडवे ओरबाडणाऱ्यांना पुठ्ठा किंवा गोणपाट पुरतो. मांजर उभे ओरबाडते की आडवे, हे त्याने आधी काय फाडले आहे त्यावरून कळते. खांब कोपऱ्यात लपवू नये. ज्या खुर्चीवर राग आहे तिच्या शेजारीच तो ठेवावा, आणि तेवढ्यापुरती खुर्ची दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने किंवा जाड चादरीने झाकावी. ओरडणे, पाणी मारणे किंवा फटका देणे यांतून मांजर ओरबाडणे सोडत नाही, माणसासमोर ओरबाडणे तेवढे सोडते.

गंधाचे आकर्षण : कॅटनिप या वनस्पतीची वाळलेली पाने खांबावर चोळतात. तिच्यातील नेपेटालॅक्टोन या गंधद्रव्याला सर्व मांजरे प्रतिसाद देत नाहीत. हा गुण आनुवंशिक असून सुमारे दोनतृतीयांश प्रौढ मांजरांत आढळतो आणि अगदी लहान पिल्लांत तो नसतो. आपल्याकडे पडीक जागी उगवणारी खोकली ही वनस्पती या संदर्भात उल्लेखनीय आहे. तिच्या ताज्या उपटलेल्या मुळाकडे मांजरे धावत येतात आणि त्यावर लोळतात. नेपेटालॅक्टोनशी नाते असलेली आकर्षक द्रव्ये तिच्यातून वेगळी केली गेली आहेत. ती खायला मात्र देऊ नये. बोटांमधील गंधद्रव्याचे कृत्रिम रूप लावल्यास मांजरे नेमक्या त्या जागी ओरबाडतात, असे 2013 च्या एका प्रयोगात आढळले.

नखांच्या टोप्या : व्हिनाइलच्या लहान टोप्या सायनोॲक्रिलेट गोंदाने कापलेल्या नखांवर बसवतात. नखाचा थर गळताना, साधारण चार ते सहा आठवड्यांत, त्याही निघतात. टोप्यांमुळे नख नीट आत जात नाही आणि बाहेर फिरणाऱ्या मांजराला चढता येत नाही, म्हणून मांजर-कल्याणाचे काही जाणकार त्यांना अनुकूल नाहीत. घरातील कोणाची त्वचा नाजूक असेल तेव्हा अल्पकाळासाठी त्या उपयोगी पडतात.

आजाराची भीती : बोचकाऱ्यातून बार्टोनेला हेन्सेली या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. तो मांजरांमध्ये पिसवांमार्फत पसरतो, त्यामुळे पिसवांचा बंदोबस्त हाच खरा प्रतिबंध. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांसाठीही अमेरिकेच्या आरोग्ययंत्रणेने नख-उच्छेदनाची शिफारस केलेली नाही. भारतात रेबीजचा विचार आधी करावा लागतो. बोचकारा लागल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरकडे जावे, आणि मांजराचे रेबीजविरोधी लसीकरण चुकवू नये.

भारतातील 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 11 मध्ये प्राण्याचा अंगविच्छेद करणे हा गुन्हा मानला आहे, नख-उच्छेदनाचा त्यात नावानिशी उल्लेख नाही. महाराष्ट्रात पशुवैद्याकडे ‘नखे काढायला’ आणलेले मांजर जवळजवळ नेहमीच ती कापून घ्यायला आणलेले असते.