रूट्स रेगे जमवताना : एकाच रेकॉर्डचे दोन अवतार

रूट्स रेगेच्या, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या जमैकन रेगेच्या, रेकॉर्ड्स विकत घ्यायला लागलं की लवकरच लक्षात येतं, एकाच नावाचा अल्बम दोन-दोन, कधी तीन-तीन रूपांत बाजारात फिरतोय. गाणी तीच, गायक तेच, पण मिक्स, म्हणजे गळे आणि वाद्यं कमी-जास्त करून केलेली अंतिम जुळणी, वेगळं आणि काही ठिकाणी वेगही वेगळा. विकणारा एकाला ‘जमैकन मिक्स’ म्हणतो, दुसऱ्याला ‘यूके मिक्स’. नवख्याला वाटतं आपल्याला गंडवतायत. तसं नसतं. या घोळाचं मूळ १९७२च्या हिवाळ्यात लंडनमध्ये घेतलेल्या एका निर्णयात आहे.

जमैकन संगीतात आधी वेगवान स्का, मग १९६६च्या सुमाराचं जरा संथ रॉकस्टेडी आणि १९६८पासून रेगे, असा क्रम आहे. त्यात शिरत नाही. जमवणाऱ्याने ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की तेव्हा जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, एलपीला, म्हणजे अल्बमभर वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्डला, फारसा भाव नव्हता. सगळा धंदा एका बाजूला एकच गाणं असलेल्या सात इंची सिंगलचा. ब्रेंटफर्ड रोडवरच्या किंवा नॉर्थ परेडवर दुकानाच्या माडीवर असलेल्या स्टुडिओत गाणं व्हायचं. त्यातली बरीच गाणी आधी मऊ अ‍ॅसिटेटवर, म्हणजे थोडेच दिवस टिकणाऱ्या चाचणीच्या तबकडीवर, कापून साउंड सिस्टिमवाल्याला, म्हणजे मोठे स्पीकर लावून नाच भरवणाऱ्याला, दिली जायची. रात्रीच्या नाचात लोकांनी उचलून धरलं, तर रेकॉर्ड छापायची. मागच्या बाजूला त्याच गाण्याचं ‘व्हर्जन’: गळा जवळपास काढून टाकलेला, उरलेला बास आणि ड्रम. पुढे डब म्हणून ज्याचा एवढा गवगवा झाला, ते याच मागच्या बाजूवर वाढलं. एलपी निघालीच तर ती बहुधा चाललेल्या सिंगल्सची मोट असायची.

अशी एखादी जुनी जमैकन सिंगल हातात घेऊन बघावी. मधलं भोक रुपयाच्या नाण्यापेक्षाही मोठं, आणि तेही अनेकदा नेमकं मध्यावर नाही, त्यामुळे सुई डावी-उजवीकडे झुलते. लेबलवरची शाई फिसकटलेली, स्पेलिंग चुकलेलं, वर्ष तर बहुतेकदा नसतंच. प्लास्टिक पुन्हा वितळवून वापरलेलं, म्हणून कोरी रेकॉर्डसुद्धा पहिल्या दिवसापासून खरखरते. गाणं संपल्यावर लेबलाभोवती जी मोकळी पट्टी राहते, तिच्यावर हाताने ओरखडलेली अक्षरं-आकडे असतात, तोच मॅट्रिक्स नंबर, छपाई ओळखायची खूण. पण त्याच्यावरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही, कारण तेच साचे वापरून दहा-पंधरा वर्षांनी नव्या प्रती काढल्या गेल्या. तोच नंबर, तेच लेबल, फक्त कागदाची छटा वेगळी. त्यात इंग्लंडमधले दुकानदार कोऱ्या लेबलच्या आयात प्रती ‘प्री’ म्हणून जास्त पैशाला विकत. तेव्हा ‘पहिली छपाई’ म्हणून कोणी हजारो रुपये सांगितले, तर आधी पुरावा मागावा.

आता तो निर्णय. लंडनच्या एका कंपनीने किंग्स्टनच्या एका त्रिकुटाला चार हजार पौंड आगाऊ दिले आणि सांगितलं, सिंगल नको, सलग अल्बम आणा. त्यांनी किंग्स्टनमधल्या वेगवेगळ्या स्टुडिओंत आठ ट्रॅकवर काम केलं आणि टेप लंडनला गेल्या. तिथे कंपनीच्या मालकाने ठरवलं की हे जसंच्या तसं इंग्रज आणि अमेरिकन रॉक-श्रोत्यांच्या गळी उतरणार नाही. अलाबामातल्या मसल शोल्सचा एक गिटारवादक बोलावला, ज्याचा रेगेशी तोवर काडीचा संबंध नव्हता. त्याने वरून सोलो वाजवले. टेक्ससच्या एका वादकाने कीबोर्ड भरले. बास मागे सारला, काही गाणी लांबवली, दोन गाणी वगळली. एप्रिल १९७३मध्ये ‘कॅच अ फायर’ बाहेर आला, झिप्पो लायटरसारखं वरून उघडणाऱ्या कव्हरात. ही कव्हरं हाताने रिबिट मारून जोडावी लागत, म्हणून पहिल्या वीस हजार प्रतींनंतर ती बंद झाली. पुढच्या छपाईवर मुख्य गायकाचा फोटो आला, नावात तो एकटा पुढे आला आणि गट त्याच्या मागे गेला. आज लायटरवाल्या कव्हरची किंमत निराळीच आहे.

यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, कंपनीने रेगे धुऊन-पुसून गोऱ्यांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवलं. दुसरी म्हणते, मुख्य गायक लंडनमध्ये त्या कामाला स्वतः हजर होता आणि खूश होता. शिवाय त्या अल्बमशिवाय जमैकाबाहेर रेगेची एलपी ऐकायची सवयच कोणाला लागली नसती. दुसऱ्या बाजूत तथ्य आहे. पण २००१मध्ये किंग्स्टनचं मूळ मिक्स सीडीवर अधिकृतपणे निघालं आणि दोन्ही लागोपाठ ऐकता येऊ लागली. माझा कौल किंग्स्टनला आहे. तिथे बास खोलीभर पसरतो, गळे कोरडे आणि जवळचे वाटतात, आणि गिटारच्या त्या गोड सोलोंची उणीव कुठेच जाणवत नाही.

वाद तेवढ्यावर मिटला असता. पण हीच रीत पडून गेली. १९७५मध्ये सेंट अ‍ॅन परगण्यातल्या एका गायकाचा ‘मार्कस गार्वी’ याच कंपनीने जमैकाबाहेर काढताना पुन्हा मिक्स केला, जरा मऊ करून. गायक इतका चिडला की त्याने जमैकात स्वतःचं लेबल काढलं. १९७७मध्ये किंग्स्टनच्या वॉशिंग्टन गार्डन्स भागातल्या परसातल्या स्टुडिओत तयार झालेला ‘हार्ट ऑफ द काँगोज’ तर कंपनीने काढलाच नाही. जमैकात थोड्याशा प्रती निघाल्या, मग दुसरं मिक्स आलं, आणि कित्येक वर्षं तो अल्बम ऐकीव गोष्टीसारखा राहिला. १९९६मध्ये मँचेस्टरच्या एका छोट्या लेबलने तो नीट काढला, आणि २०१७मध्ये चाळिशीच्या निमित्ताने पहिलं मिक्सही मिळू लागलं.

१९८५मध्ये छोट्या कॅसिओ कीबोर्डच्या तयार ठेक्यावर सगळं जमैका नाचू लागलं आणि रूट्सचा जमाना मागे पडला. मधली काही वर्षं ही रेकॉर्ड्स कोणी विचारत नव्हतं. १९९३नंतर ब्रिटनमधल्या दोन-तीन लेबलांनी मूळ टेप शोधून, सोबत भरपूर माहिती छापून पुनर्प्रकाशनं सुरू केली. आज आपण रूट्स म्हणून जे ओळखतो, त्याची निवड बरीचशी त्यांच्या आवडीने ठरलेली आहे. सत्तरच्या दशकातल्या किंग्स्टनमध्ये ज्या प्रेमगीतांवर लोक नाचत होते, त्यातली कितीतरी या निवडीत नाहीत, कारण नंतरच्या संग्राहकांना रास्ताफारी, म्हणजे जमैकात उगवलेला धर्मपंथ, आणि बंडखोरी जास्त भावली. ही खंत मला आहे.

म्हणून सुरुवात चांगल्या पुनर्प्रकाशित एलपींपासून करावी, आणि घेताना मिक्स कोणतं आहे ते विचारावं. वर्ष विचारून फारसं हाती लागत नाही. एका स्टुडिओची किंवा एका निर्मात्याची संकलनं घेतली तर एकच ताल, म्हणजे रिडिम, पाच-सहा गळ्यांत ऐकायला मिळतो, आणि हा धंदा कसा चालत होता ते आपोआप कळतं. १९७६-७७नंतरच्या बारा इंची ‘डिस्कोमिक्स’ही घेण्यासारख्या: गाणं संपतं तिथून त्याच बाजूवर डब सुरू होतं. सात इंचीकडे शेवटी वळावं. तिथे नव्या छपाईची प्रत ऐकायला पुरते, आणि कित्येकदा जुनीपेक्षा कमी खरखरते. फक्त मोठ्या भोकासाठी अडॅप्टर वेगळं घ्यावं लागतं, ते टर्नटेबलसोबत येतंच असं नाही.