मासिक पोस्टाच्या लेखी 'वर्तमानपत्र' कसं झालं, आणि त्रैमासिक का राहून गेलं

छोट्या मासिकाच्या कव्हरवर नाहीतर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दोन नंबर छापलेले असतात. वर्गणीदाराची नजर तिकडे कधी जात नाही, पण अंक काढणाऱ्याचं सगळं गणित त्यांच्यावर उभं असतं. पहिला नंबर दिल्लीचा, १९५६ सालापासून वर्तमानपत्रांची नोंदणी ठेवणाऱ्या ऑफिसचा. दुसरा आपल्या भागातल्या डाक अधीक्षकांकडून मिळतो, तो ठराविक वर्षांनी रिन्यू करावा लागतो, आणि अंक कुठल्या पोस्टात कुठल्या तारखेला टाकायचा हेही त्याच्यासोबत ठरून येतं. टपालाचा स्वस्त दर मिळतो तो या दुसऱ्या नंबरामुळे.

स्वस्त म्हणजे किती, तर वर्षानुवर्षं ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे, १०० ग्रॅमपर्यंत ५० पैसे आणि पुढच्या दर १०० ग्रॅमला २० पैसे. ४०० ग्रॅमचा जाडजूड दिवाळी अंक १ रुपया १० पैशात पोचायचा. तोच अंक तो नंबर नसताना बुक पोस्टाने, म्हणजे छापील मजकुराच्या साध्या टपालाने, टाकला तर नियतकालिकाला पहिल्या १०० ग्रॅमला २ रुपये आणि पुढच्या प्रत्येक १०० ग्रॅमला ३, म्हणजे ११ रुपये पडायचे. बरोब्बर दहापट. हजार वर्गणीदार असले की हा फरक जवळपास दहा हजारांचा व्हायचा, आणि खान्देशात चालणाऱ्या मासिकाकडे दहा हजार रुपये म्हणजे एका अंकाचा कागद.

आता खरी गुंतागुंत. १८९८ च्या पोस्टाच्या कायद्यात 'मासिक' हा शब्द कामाचा नव्हताच, सवलत होती ती नोंदवलेल्या 'वर्तमानपत्राला'. आणि वर्तमानपत्र म्हणजे काय, तर सगळा किंवा बराचसा मजकूर राजकीय वा इतर बातम्यांचा किंवा त्यावरच्या, नाहीतर चालू विषयांवरच्या लेखांचा हवा, जाहिराती असोत नाहीतर नसोत, दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, आणि खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी हवी. ३१ दिवस म्हणजे सगळ्यात मोठा महिना, त्यामुळे मासिक या व्याख्येत जेमतेम बसलं. द्वैमासिक बाहेर, त्रैमासिक बाहेर, वर्षातून एकदाच निघणारा दिवाळी अंक तर बाहेरच. व्याख्या केली तेव्हा डोळ्यासमोर साप्ताहिकं आणि दैनिकं असणार हे उघड आहे, पण पुढची सव्वाशे वर्षं मराठी संशोधनाची आणि साहित्याची त्रैमासिकं त्या एका आकड्यामुळे महागात जात राहिली, आणि माझ्या मते ही साधी चूक नाही, मोठा अन्याय आहे. धुळ्याला इतिहासाची जुनी कागदपत्रं सांभाळून १९३० च्या दशकापासून नियतकालिक काढणारी मंडळी आहेत, अमळनेरला तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची परंपरा आहे, अशा कामाचा अंक तीन महिन्यांनीच निघतो, तो दर महिन्याला कसा निघेल.

मजकुराची अटही अशीच. कथा-कवितांचं मासिक 'चालू विषयांवरचं' आहे का, असं काउंटरवर विचारलं की काय सांगणार. मी ज्या मासिकाचं पोस्टिंग बघायचो तिथे पहिली दोन पानं कायम घडामोडींवर असायची, त्यामागे संपादकीय धोरण कमी आणि हा प्रश्न जास्त होता.

सगळ्यात जास्त वाद व्हायचा तो जोडअंकावर. ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळून एकच दिवाळी विशेषांक काढायचा ही मराठीतली जुनी पद्धत, पण पोस्टाच्या हिशोबात मग मधे दोन महिन्यांचं अंतर पडतं. वेगळी पुरवणी म्हणून काढावा तर तिच्यावर मूळ अंकाचीच तारीख पाहिजे आणि ती मूळ अंकासोबतच गेली पाहिजे. एका वर्षी गठ्ठे बांधून, रॅपरला खळ लावून, सगळं हातगाडीवर घालून नेलं आणि जोडअंक आहे म्हणून पूर्ण दर मागितला. आधीच्या वर्षी त्याच खिडकीवर तसाच अंक घेतला होता. नियम एकच, पण तो वाचणारा माणूस बदलला की अर्थ बदलायचा, आणि अंक दिवाळीनंतर पोचायचे.

रेल्वेच्या बाबतीत मात्र खान्देश पहिल्यापासून नशीबवान. भुसावळला गाडी १८६० च्या दशकातच आली, १९०० च्या आसपास चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरतेहून अमळनेरमार्गे जळगावला येणारी तापी खोऱ्यातली लाइन झाली, त्यामुळे मुंबई-पुण्याचे अंक इकडे लवकर यायचे आणि इथले गठ्ठे रातोरात गाडीत चढायचे. त्यात १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. गठ्ठे लावणाऱ्याला इथे जिल्हा विसरून पिनचे पहिले तीन आकडे बघावे लागतात, कारण चाळीसगाव ४२४१०१, पाचोरा ४२४२०१ आणि जामनेर ४२४२०६ ही जळगाव जिल्ह्यातली गावं धुळ्याच्या ४२४ मधे, तर धुळे जिल्ह्यातलं शिरपूर ४२५४०५, जळगावच्या ४२५ मधे. नंदुरबार १९९८ ला वेगळा जिल्हा झाला तरी पिन ४२५४१२ च राहिला. नवीन पोरगं जिल्ह्याप्रमाणे गठ्ठे लावायचं आणि अख्खा पाचोरा तालुका उलट्या पोत्यात जायचा. धडगाव, मोलगीकडचे अंक तर शेवटी सातपुड्यात पायी फिरणाऱ्या ग्रामीण डाकसेवकाच्या खांद्यावरूनच जायचे, पावसाळ्यात दोन महिन्यांचे एकदम.

अलीकडे दोन्ही जुने कायदे गेले. १८६७ चा छापखान्यांचा आणि नोंदणीचा कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून आला, आणि पोस्टाचा नवा कायदा १८ जून २०२४ पासून. इतक्या वर्षांनी 'नियतकालिक' हा शब्द कायद्याच्या नावात आला म्हणून बरं वाटलं होतं, पण व्याख्या वाचली तर त्यातून शास्त्रीय, तांत्रिक आणि अभ्यासाची जर्नल्स सरळ वगळलेली. म्हणजे आधी ३१ दिवसांनी अडवलं, आता मजकूर अभ्यासाचा आहे म्हणून नोंदणीच नाही.

त्यातच डिसेंबर २०२४ मधे रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं, पुस्तकवाल्यांनी बरीच ओरड केली, मग १ मे २०२५ पासून पुस्तकं स्वस्तात पाठवायचं ज्ञान पोस्ट सुरू झालं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोला १००. २०२५ मधेच रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात मिसळलं, त्यामुळे पोच हवी तर तोच महाग रस्ता उरला. ज्ञान पोस्ट चांगलंच आहे, वाचनालयांना पुस्तकं पाठवायला मी ते वापरतो. पण जाहिराती असलेली नियतकालिकं त्यात घेत नाहीत, पुस्तकांची यादी वगैरे किरकोळ सोडून. १८९८ च्या कायद्याने जाहिराती चालवून घेतल्या होत्या. आपल्याकडच्या त्रैमासिकाच्या मलपृष्ठावर केळीच्या टिश्यूकल्चर रोपांची नाहीतर सोन्याच्या दुकानाची एक जाहिरात असते, तेवढ्यावर त्या अंकाचा छपाईखर्च निघतो, आणि तेवढ्यासाठीच तो अंक ज्ञान पोस्टात जात नाही.