विवाहविधींची उसनवारी (ग्रामीण विदर्भ)

एका समाजाच्या लग्नातला विधी, वेश, वाद्य किंवा नाच दुसऱ्या समाजाने आपल्या मांडवात आणणे, ही विवाहविधींची उसनवारी होय. घेणारा वरचढ, ज्याचे घेतले तो दुबळा, आणि घेण्याच्या ओघात मूळ अर्थ व मूळ धनी दोन्ही पुसले गेले, तर तिला सांस्कृतिक बळकावणी म्हणतात.

विदर्भातील खेड्यांत मेंदी, ‘संगीत’, शेरवानी आणि मेहुण्यांनी नवरदेवाचे जोडे लपवणे या गोष्टी उत्तरेकडून, मुख्यतः हिंदी सिनेमाच्या वाटेने आल्या. त्यांत बळकावणी शोधण्यात अर्थ नाही. नुकसान झालेच तर घरचे झाले. जात्यावर हळद दळताना बायका जी गाणी म्हणत, ती डीजेखाली दबली आणि हळद दुकानातल्या पुडीतून येऊ लागली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांनी होम व मंगलाष्टके टाकून त्रिशरण-पंचशील आणि पांढरी वस्त्रे स्वीकारली. ती उसनवारी नव्हती, जुन्याला दिलेला नकार होता. हळद मात्र पुष्कळ घरांत टिकली.

खरा प्रश्न गोंड-कोलाम आदिवासींच्या बाबतीत उभा राहतो. दंडारी या त्यांच्या नाचातील गुसाडीचा, म्हणजे व्रतस्थ नर्तकाचा, मोरपिसांचा टोप हा लग्नातला साज नव्हे: तो दिवाळीच्या सुमारास, व्रत घेतलेल्या माणसाच्या डोक्यावर चढतो आणि त्याची पूजा होते. तोच टोप भाड्याच्या पथकाला घालून वरातीपुढे नाचवला, तर पाहणाऱ्यांच्या लेखी ती निव्वळ करमणूक उरते. पथकाला बिदागी मिळते हे खरे, पण ज्या वस्तीची सोयरीक एरवी कोणी मागत नाही, तिचा देव मात्र मांडवात हवा असतो.

उलट दिशेचा ओघ याहून मोठा आहे. गोंडांमध्ये परंपरेने लग्न नवरदेवाच्या घरी लागते, म्हणजे वऱ्हाड नवरीकडचे येते. ही चाल मागे पडून आजूबाजूच्या हिंदू पद्धतीने लग्ने होऊ लागली, म्हणून कोया पुनेम हा गोंडांचा स्वतःचा धर्म मानणारी मंडळी घड्याळाच्या काट्यांविरुद्धच्या फेऱ्यांचा आग्रह धरतात. हा आग्रह केवळ अस्मितेचा नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांच्या लग्नाला रूढीचाच आधार असतो, आणि वाद कोर्टात गेला की मांडवात कोणते विधी झाले, याची साक्ष काढली जाते.